नववा नियम

सन २००३, एप्रिल महिन्याची सत्तावीस तारीख, रविवार. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. स्थळ हिवरतळे जलाशयाच्या पूर्व काठावरील ‘नीलतरंग’ जलक्रीडा उद्यान, साहित्यवाटप खिडकी क्रमांक दोन. माझ्या अर्जाचा आरंभ असा होता, आणि त्यातील तपशिलाविषयी पुढे कोणालाही शंका घेता आली नाही.

“हे तुटलेलं आहे,” मी म्हणालो आणि ते नारिंगी जीवरक्षक जॅकेट खिडकीच्या फळीवर ठेवले. “छातीवरच्या पट्ट्याची कडी बसत नाही. हे पाहा.”

खिडकीतल्या मुलीच्या छातीवर ‘तेजस्विनी’ असा बिल्ला होता. तिने जॅकेटाकडे न पाहता उत्तर दिले. “सर, सगळ्यांना हेच देतोय.”

“सगळ्यांना तुटकी देता, हे स्पष्टीकरण आहे की कबुली?”

“सर, गाठ मारायची. चालतं ते.”

“मग कडी कशासाठी लावली आहे? शोभेसाठी?”

माझ्या मागे रांग उभी होती आणि रांगेत माझ्यालगत आंबेघरच्या महिला बचत गटाच्या बारा-तेरा बायका होत्या. सगळ्यांच्या साड्या एकाच जांभळ्या रंगाच्या, सहलीसाठी एका ठाणातून घेतलेल्या. त्यांतली पुढची बाई, वय तिशीच्या आसपास, कमरेवर हात ठेवून हसली.

“गुर्जी हायसा न्हवं तुमी?”

“शिक्षक आहे. सांगलीला.”

“तरीच! आवो मास्तर, तुमची शाळा सुटू द्या की. आमास्नी पान्यात जायाचंय. पाचाला गाडी सुटती आमची.”

बायका हसल्या. मीही हसलो असतो. पण माझ्या पत्नीच्या, वृंदाच्या, हाताला धरून तिची भाची केतकी उभी होती, आणि ते जॅकेट केतकीसाठी होते. अकरा वर्षांची पोर. पोहता येत नव्हते. चार दिवसांनी ती आपल्या आईवडिलांकडे परत जायची होती, आणि तलावात उतरण्याचे वचन मी तिला सुट्टीच्या पहिल्या दिवशी दिले होते. तुटक्या कडीच्या जॅकेटात तिला पाण्यात सोडायचे नाही, एवढाच माझा आग्रह होता. तो योग्य होता. तो योग्य होता हे आजही माझे मत आहे.

“दुसरं द्या,” मी म्हणालो.

“दुसरं शिल्लक नाही, सर. कुणी परत केलं की देते.”

“तोवर?”

“तोवर हे घाला.”

“आणि हे घालायचं नसेल तर?”

“मग सर, परत केल्याची नोंद होईल. नोंद झाली की तुमचा नंबर रांगेच्या शेवटी.”

जॅकेटाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात सतरा हा आकडा होता. मी तो टिपून ठेवला. लिहिण्याची सवय मला होती. आमच्या गल्लीतले लोक नळाच्या, दिव्याच्या, पेन्शनच्या अर्जांसाठी माझ्याकडे येत, आणि जुन्या लेखकांचे गद्य वाचून मी एक गोष्ट शिकलो होतो, की जे वाक्य नीट बांधलेले असते त्याला नकार देणे माणसाला जड जाते. दुसरीकडे हलवलेला बसथांबा माझ्या एका अर्जाने पुन्हा जागेवर आला होता.

“तक्रारवही द्या.”

“ती मॅनेजरसाहेबांकडे.”

“ते कुठे आहेत?”

“जेवायला.”

“केव्हा येतील?”

“जेवून झाल्यावर, सर.”

वृंदा म्हणाली, “अहो, आपण झाडाखाली बसू. येईल एखादं जॅकेट.” केतकी पुढे गेली. ती पायऱ्यांच्या कडेला, पिवळ्या रेघेच्या अलीकडे, मांडी घालून बसली आणि पाण्यातल्या मुलांकडे पाहत राहिली.

पायऱ्यांच्या टोकाला एक उंच लोखंडी खुर्ची होती आणि तीवर गळ्यात शिटी अडकवलेला, काळा, काटक माणूस बसलेला होता. त्याचे नाव पिराजी भोई. ते मला नंतर कळले. आम्ही आलो तेव्हा त्याची एक रीत मी पाहिली होती. त्याला पाणी प्यायला जायचे होते, तर त्याने लांब शिटी वाजवली, तलावातल्या एकूण एक माणसाला पायऱ्यांवर चढायला लावले, बोट फिरवून डोकी मोजली आणि मग खुर्चीवरून उतरला. लोक कुरकुरत होते. कोणी तरी विचारलेही, “घोटभर पाण्यासाठी एवढा तमाशा?” त्यावर तो म्हणाला, “खाली जुनं गाव हाय, दादा. त्यो पान्यातनं वर डोकावतोय न्हवं, त्या बुरुजासमोर आमची जुनी हीर हाय. वरनं दिसत न्हाई. मी बगत असलो तरच उतरायचं.” धरण झाले तेव्हा त्याचे गाव पाण्याखाली गेले होते, आणि विहीर कोठे आहे हे त्याला डोळे मिटून सांगता येत होते. मला त्या वेळी ही रीत फार आवडली होती. या उद्यानात नियमाप्रमाणे वागणारा तो एकटाच माणूस, असे मी वृंदाला म्हणालोही होतो.

व्यवस्थापक खराडे तीनला दहा मिनिटे कमी असताना दात कोरत आले. मी त्यांना सर्व काही क्रमाने सांगितले. त्यांनी मध्येच हात वर केला, आपल्या खोलीत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतले एक कोरे जॅकेट घेऊन आले.

“घ्या साहेब. कडी बघा, पट्टा बघा, शिलाई बघा. झालं समाधान?”

कडी टक्कन बसली. वृंदाने ते केतकीला घातले, आणि चाळीस मिनिटे जागेवर बसलेली ती पोर उडी मारून उठली. तेजस्विनीने फळीवरचे सतरा क्रमांकाचे जॅकेट उचलले आणि मागच्या बाईकडे सरकवले.

“बाई, त्याची कडी तुटलेली आहे,” मी म्हणालो.

“ऐकलं की मघाधरनं. साऱ्या तालुक्यानं ऐकलं,” ती जांभळ्या साडीतली बाई म्हणाली. “नाडीनं आवळते. बैलाची वेसन बांधत्यो आमी, ही काय मोठी गोष्ट.” तिच्या मैत्रिणींनी “चल गं सगुणा” म्हणून तिला ओढले आणि त्या सगळ्या पायऱ्यांकडे गेल्या.

तेथे प्रकरण संपत होते. वृंदा म्हणाली, “चला.” मी म्हणालो, “जॅकेटाची मागणी पूर्ण झाली. तक्रार शिल्लक आहे. आत्ताच ते जॅकेट दुसऱ्या बाईला दिलं, तुझ्या डोळ्यांदेखत.” हा मुद्दा बिनतोड होता. खराड्यांनी तक्रारवही कपाटात आणि कपाटाची किल्ली मालकांकडे असल्याचे सांगितले, तेव्हा मी पिशवीतून माझे कागद काढले आणि खिडकीच्या फळीवर लिहायला लागलो. दीड पान झाले.

“सही करा,” मी खराड्यांना म्हणालो.

“मी? माझा काय संबंध? तो बोर्ड वाचा.”

खिडकीशेजारी नियमांचा फलक होता. नियम क्रमांक नऊ : तक्रार लेखी द्यावी व तीवर संबंधित विभागातील कर्तव्यावरील कर्मचाऱ्याची सही आणि खिडकीवरील शिक्का घ्यावा.

“मग यांनी करावी,” मी तेजस्विनीकडे बोट केले.

“माझा विभाग खिडकी, सर. जॅकेट पाण्यात वापरायचं असतं. पाण्याचा विभाग पिराजीमामांचा.”

“बघा, विषय मिटला,” खराडे म्हणाले. “पिराजीची सही आणा, ही शिक्का मारेल. नाहीतर राहू द्या आणि भजी खा. गरम आहेत.” आणि ते निघून गेले.

मला हसण्यावारी नेण्यात येत होते. शिक्का खिडकीला साखळीने बांधलेला होता. खुर्ची खिडकीपासून साठ पावलांवर होती. पण पिवळ्या रेघेपलीकडे पादत्राणे नेण्यास नियम क्रमांक चारने मनाई होती, आणि बूट काढून, मोजे खिशात कोंबून, त्या सर्व लोकांसमोर साठ पावले चालत जाणे मला त्या क्षणी शरणागतीसारखे वाटले. मी रेघेवर उभा राहून हाक मारली.

“पिराजी!”

त्याने मान वळवली नाही. मी दुसऱ्यांदा हाक मारली, आणि मग तिसऱ्यांदा.

“काय मास्तर?” माझा हुद्दा बायकांमुळे त्याच्यापर्यंत पोचला होता.

“सही हवी आहे. इकडे या.”

“कागद हिकडं आना की.”

“शिक्क्यासमोर करायची आहे. नियम तुमचाच आहे.”

त्याने पाण्याकडे पाहिले. “मग थांबा वाईच. पानी मोकळं करतो अन् येतो.” त्याचा हात शिटीकडे गेला.

केतकी तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिने नुकतेच दोन्ही हात पसरून पाण्यावर आपटले होते, आणि हाकांनी लक्ष वेधले गेल्यामुळे ती माझ्याकडेच पाहत होती.

“एका सहीसाठी सगळ्यांना कशाला बाहेर काढता?” मी म्हणालो. “दोन मिनिटांचं काम आहे. आमची मुलगी आत्ता कुठे उतरली आहे.”

त्याने केतकीकडे पाहिले. मग म्हणाला, “मास्तर हायसा म्हनून येतो,” आणि शिटी तोंडाशी नेलेली होती ती छातीवर सोडून खाली उतरला.

खिडकीशी येताच त्याने पेन मागितले. “कुटं करू?”

“आधी ऐकून घ्या. मजकूर न वाचता सही करू नये.”

“माजं काम न्हाई त्ये वाचायचं. तुमी लिवलंय म्हंजे बराबरच आसंल.”

“तेच चुकतं आपल्याकडे,” मी म्हणालो. “तुम्ही कशावर सही करता हे तुम्हाला माहीत असायला हवं. तो तुमचा अधिकार आहे.” आणि मी वाचायला आरंभ केला. मी सावकाश वाचले. लिहिलेले मला आवडले होते. पहिल्या पानावर तो एकदा मागे वळून पाहू लागला, तेव्हा मी थांबलो, तो पुन्हा माझ्याकडे वळेपर्यंत. दुसऱ्या पानावर “सदर सतरा क्रमांकाचे जॅकेट माझ्या समक्ष एका महिलेस देण्यात आले” हे वाक्य मी वाचत असताना पायऱ्यांवरून आवाज आला. प्रथम मला तो हसण्याचा वाटला.

“सगुणा! आगं सगुणा कुटं हाय?”

पिराजी धावला. बुरुजासमोर सतरा क्रमांकाचे जॅकेट पाण्यावर तरंगत होते, पट्टे मोकळे, आत कोणी नाही. त्याने धावता धावताच उडी घेतली. तो वर आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. चौथ्या खेपेला त्याच्या हाताला जांभळा पदर होता.

पायऱ्यांवर त्याने तिला पालथे केले, उताणे केले, छाती दाबली, तोंडाने वारा भरला. किती वेळ ते मला सांगता येते : एकोणीस मिनिटे. नंतर तिच्या मैत्रिणींनीच त्याचे हात धरले. वृंदाने केतकीला ओढून बाहेर काढले होते आणि तिचे डोळे आपल्या पदराने झाकले होते. तेजस्विनी खिडकीत उभी राहून रडत होती आणि तिच्या हातात शिक्का होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्जाची स्वच्छ प्रत केली. तक्रार आता जॅकेटापुरती उरलेली नव्हती. मी तीत दुर्घटनेचा परिच्छेद जोडला. “दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे दुर्घटनेच्या वेळी, जीवरक्षक आपल्या आसनावर नव्हता व जलाशय रिकामा करण्यात आलेला नव्हता.” वृंदाने ती प्रत चहा गार होईपर्यंत वाचली.

“अहो, तो शिटी वाजवत होता. तुम्ही नको म्हणालात, ते यात नाही.”

“अर्ज व्यवस्थापनाच्या हलगर्जीपणाबद्दल आहे. त्या विषयाशी ते संबंधित नाही.”

“त्या माणसाशी आहे ना पण?”

“अर्जाला एक विषय असतो, वृंदा. फाटे फोडले की अर्ज दुबळा होतो.”

तिने कागद खाली ठेवले आणि कप उचलून नेले.

चौकशी अकरा दिवसांनी, गुरुवारी, उद्यानाच्याच उपाहारगृहात झाली. चौकशी अधिकारी देशिंगकर हे वयस्क, सौम्य गृहस्थ होते. भिंतीशी एका बाकावर सगुणाचा नवरा बसला होता. गुडघ्यांवर टोपी, नजर टोपीवर. खराड्यांनी जॅकेटांची खरेदीपत्रे दाखवली आणि एक टंकलिखित कागद पुढे केला : पाणी मोकळे केल्याशिवाय जीवरक्षकाने खुर्ची सोडू नये. त्या कागदाची शाई ताजी होती. तो कागद पाहून पिराजी इतकेच म्हणाला, “ह्यो माजाच कायदा. ह्येंनीच मला त्यापायी धा येळा झापलंय, गिऱ्हाईक पळतंय म्हनून.”

“मग त्या दिवशी पाणी मोकळं का केलं नाहीस?” देशिंगकरांनी विचारले.

“करत हुतो, सायेब. मास्तरांनी नगं म्हटलं.”

सगुणाच्या नवऱ्याने मान वर केली. देशिंगकरांनी माझा अर्ज उचलला, चष्मा लावला आणि पाने उलटली. उपाहारगृहात पंखा फिरत होता आणि ते प्रत्येक पान बोटाने दाबून धरत होते.

“यात तसं कुठे नाही. सरपोतदार, माझ्या नोकरीत इतका नेटका कागद मी क्वचित पाहिला. मिनिटामिनिटाची नोंद आहे. यात काही राहिलंय का?”

मी उभा राहिलो. पिराजी माझ्याकडे पाहत होता. रागाने नव्हे, मदतीला येणाऱ्या माणसाकडे पाहावे तसा. तो मनाशी वाक्य जुळवत नव्हता. ते वाक्य माझ्याकडे आहे, आणि ते मी आता बोलणार, हे तो धरूनच चालला होता. एका वाक्याचा प्रश्न होता. ते वाक्य लहान होते, त्यात अवघड शब्द नव्हता.

“माझ्या अर्जात जे आहे ते सर्व खरं आहे,” मी म्हणालो.

“तेच म्हणतोय मी,” देशिंगकर म्हणाले, आणि लिहू लागले.

जॅकेटांबद्दल उद्यानाला ताकीद मिळाली. आसन सोडल्याबद्दल आणि पाणी मोकळे न केल्याबद्दल पिराजी भोई याला दोषी धरून कामावरून दूर करण्यात आले. पुढची फौजदारी कारवाई पोलिसांवर सोपवण्यात आली. सगुणाचा नवरा बाहेर पडताना पिराजीच्या समोरून गेला आणि त्याने तोंड फिरवून घेतले.

मी बसच्या वेळेपर्यंत फाटकाबाहेरच्या दगडी कट्ट्यावर थांबलो होतो. पिराजी आला. तो शिव्या देईल, हात उचलेल, अशी माझी तयारी होती. खरे सांगायचे तर मला त्याची वाटही होती. तो माझ्या शेजारी, एका हाताचे अंतर सोडून, बसला. गळ्यात शिटी नव्हती. दोऱ्याचा पांढरा वळ मात्र मानेवर होता.

“मास्तर, एक कागद लिवून द्या.”

“अपील करायचं आहे? करता येईल. तीस दिवसांची मुदत असते.”

“नोकरीचा न्हाई. त्या बाईच्या मालकाला द्यायचाय. त्यो माज्याकडं बगत न्हाई. मी गेलो आंबेघरला तर दार लावून घेतलं. म्या बोललो तर त्याला पटंना. कागद आसंल तर वाचंल. तुमच्या कागदाला वजन हाय, आत्ता बगितलं की मी.”

“काय लिहू?”

“जे झालं त्ये.”

मी पिशवीतून कागद काढला आणि पिशवीवरच ठेवून लिहायला लागलो. दिनांक लिहिला, वेळ लिहिली, स्थळ लिहिले. तो पाण्याकडे पाहत बसला होता. फाटकाच्या आत तलाव पुन्हा उघडला होता. उंच खुर्चीवर कोणी तरी नवा, कोवळा माणूस चप्पल हलवत बसला होता. मी अर्धे पान लिहिले आणि खाली सहीसाठी रेघ ओढली.

“झालं,” मी म्हणालो. “इथे सही करा.”

“वाचून दावा. न वाचता सही करू न्हाई. तुमीच म्हनलासा.”

मी वाचले. तारीख, वार, जॅकेटाचा क्रमांक, तुटकी कडी. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मग मी वाचले : “जीवरक्षक पाणी मोकळे करण्याच्या तयारीत असता, काही कारणास्तव तो विचार तूर्त स्थगित ठेवण्यात आला, व ते खिडकीकडे गेले.”

त्याची मान थांबली.

“ह्ये पुन्यांदा वाचा.”

मी पुन्हा वाचले.

“कुनी ठेवला?” त्याने विचारले.

माझ्या हातात पेन होते आणि त्या वाक्यात, शब्दांच्या वर, दुरुस्तीपुरती जागाही होती. रस्त्याच्या वळणावर बस दिसू लागली. तिने पहिला हॉर्न दिला. पिराजी घाई करत नव्हता. त्याने बसकडे पाहिलेही नाही. तो माझ्या हाताकडे पाहत होता. बस येऊन थांबली, दोन माणसे उतरली, कंडक्टरने माझ्याकडे पाहून दार धरून ठेवले.

मग पिराजीने माझ्या पिशवीवरचा कागद दोन बोटांनी उचलला, चार घड्या करून माझ्याच खिशात ठेवला आणि उठला.

“ऱ्हाऊ द्या, मास्तर,” तो म्हणाला. “तुमास्नी लिवता येत न्हाई.”